एमपीएच करताय आणि इन्फेक्शन प्रिव्हेन्शनमध्ये यायचंय? सीआयसीचा अर्ज इतक्यात भरू नका

अमेरिकेत एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला) आलेल्या आपल्या मुलामुलींत बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेले पुष्कळ. हॉस्पिटलच्या नोकरीच्या जाहिरातीत 'सीआयसी' (इन्फेक्शन प्रिव्हेन्शनचं, म्हणजे संसर्ग प्रतिबंधाचं, व्यावसायिक प्रमाणपत्र) वाचलं की ते लगेच ते प्रमाणपत्र देणाऱ्या सीबीआयसी या संस्थेकडे त्याच परीक्षेचा अर्ज भरतात आणि अडकतात.

अर्जासोबत लागणाऱ्या कागदांपैकी पदवी आणि सीव्ही सगळ्यांकडे असतो. नसतं ते नोकरीचं जॉब डिस्क्रिप्शन आणि 'संसर्ग प्रतिबंधाचं काम ही व्यक्ती स्वतःच्या जबाबदारीवर करते' असं लिहिलेलं, वरिष्ठांच्या सहीचं पत्र. नोकरीच नसेल तर सही कोण करणार? प्राध्यापकांच्या सहीवर भागत नाही. अनुभव पूर्णवेळ पगारी 1 वर्ष, अर्धवेळ पगारी 2 वर्षं किंवा मागच्या 3 वर्षांत 3,000 तास लागतो. प्रॅक्टिकममध्ये (अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामात) तुम्ही वॉर्डाच्या दाराशी उभं राहून कोण हात धुतं, कोण नाही याच्या खुणा केल्यात, कॅथेटरचे दिवस मोजलेत. काम खरंच मोलाचं आहे, पण 200-300 तासांचे 3,000 होत नाहीत.

विद्यार्थ्यांसाठी सीबीआयसीचीच ए-आयपीसी ही सुरुवातीच्या पातळीची परीक्षा आहे. अनुभवाची अट नाही. 100 प्रश्न, 2 तास, प्रमाणपत्र 3 वर्षांचं. तेवढ्या काळात नोकरी धरून सीआयसीपर्यंत पोचायचं.

अर्जातलं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि युनिव्हर्सिटीत नुसतं नाव-आडनाव. परीक्षा केंद्राच्या दारातून परत यायची वेळ आणू नका.

आता ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काही काळ नोकरी करायची परवानगी. अभ्यासक्रम संपण्याआधी 90 दिवसांपासून संपल्यानंतर 60 दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण डीएसओंनी (युनिव्हर्सिटीतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्यांनी) सेविसमध्ये, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी नोंदणी प्रणालीत, शिफारस नोंदवली की त्या तारखेपासून 30 दिवसांत आय-765 हा कामाच्या परवानगीचा अर्ज यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे पोचावाच लागतो. '60 दिवस आहेत की' म्हणत शिफारशीची नवी आय-20 (युनिव्हर्सिटीने दिलेला विद्यार्थी व्हिसाचा कागद) फायलीत ठेवून देणारे दरवर्षी भेटतात, फार वाईट वाटतं. ओपीटी सुरू झाल्यावर एकूण 90 दिवसांहून जास्त बेरोजगार राहता येत नाही, म्हणून नोकरीची शोधाशोध शेवटच्या सत्रातच सुरू करा.

आणि आय-20 वरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाच्या विषयाचा सरकारी क्रमांक, आजच बघा. एपिडेमिऑलॉजीचा (रोगप्रसारशास्त्राचा) 26.1309 स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या, यादीत आहे, म्हणजे ओपीटीचे पुढचे 24 महिने मागता येतात. जनरल पब्लिक हेल्थचा 51.2201 त्या यादीत नाही. कॉन्सन्ट्रेशन (एमपीएचमधला विशेष विषय) बदलायला वेळ आहे तोवरच डीएसओंशी बोला.