वजन उतरलं की चरबी उतरली? पोळी-भात सोडल्यावर पहिल्या आठवड्यात नेमकं काय जातं

नागपुरात अंबाझरी तलावावर जा की फुटाळ्यावर, सकाळी फिरणाऱ्यांच्या घोळक्यात हे हमखास ऐकू येतं, "पोळी-भात बंद केला न् आठवड्यात दोन किलो उतरले." पंधरा दिवसांनी त्याच लोकांचं दुसरं, "एका लग्नात जेवलो तर सगळं परत आलं, आपल्या अंगाला भात लागतेच." दोन्ही वेळी काटा बरोबरच असतो, पण तो वजन दाखवतो आणि आपण ती चरबी समजतो. हा फरक माहीत नसल्यामुळे कितीतरी जण चांगली सुरू असलेली मेहनत मधेच सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पोळी, भात, पोहे, साबुदाणा, साखर, यातले कार्ब (कार्बोहायड्रेट, म्हणजे पिठूळ पदार्थ आणि साखर) पचले की त्यांचं ग्लुकोज होतं, लागेल तेवढं वापरलं जातं आणि उरलेल्यातलं बरंचसं शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, साधारण 100 ग्रॅम यकृतात आणि 400 ग्रॅमच्या आसपास स्नायूंत, अंगकाठीप्रमाणे कमीजास्त. आता महत्त्वाचं हे की दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत अंदाजे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं, म्हणजे पाण्यासकट हा सगळा साठा दीड-दोन किलोचा झाला. कार्ब एकदम तोडले की काही दिवसांतच साठा बराच रिकामा होतो आणि ते पाणी मोकळं होऊन निघून जातं. वरून कार्ब कमी म्हणून इन्सुलिन (रक्तातली साखर सांभाळणारं हार्मोन) कमी झालं की किडनी मिठातलं सोडियमसुद्धा जास्त बाहेर टाकते, त्याच्यासोबत आणखी पाणी. काटा धाडकन खाली येतो, पण चरबी अजून थोडीशीच हललेली असते.

चरबीचा हिशोब फार संथ आहे. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. रोज गरजेपेक्षा 500 कॅलरी कमी गेल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतबाहेर, तेही सातही दिवस नीट पाळलं तर. आणि हाच हिशोब उलटा लावून बघा. लग्नात गोळाभात झाला, वडे झाले, जिलेबी झाली, सकाळी काटा दीड किलो जास्त दाखवून राहिला. एवढी चरबी एका रात्रीत चढायला गरजेच्या वर साडेअकरा हजार कॅलरी पोटात जायला पाहिजेत, पंगतीत कितीही आग्रह झाला तरी ते जमत नाही. भरला तो रिकामा झालेला साठा, त्याचं पाणी, पापड-लोणच्याच्या मिठाने धरलेलं पाणी आणि पोटात अजून असलेलं जेवण. दोन-चार दिवस नेहमीसारखं खाल्लं की यातलं बरंच आपोआप उतरतं, त्यासाठी दुसऱ्या दिवशी उपाशी राहायची काही गरज नाही.

घामाचंही तेच. चरबी घामातून वितळून जात नाही. ती जळते तेव्हा तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, आणि 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी हा हिशोब मांडला होता, 10 किलो चरबी जळली तर 8.4 किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. त्यामुळे मे महिन्यात, पारा 45 च्या घरात असताना, प्लास्टिकचं जॅकेट घालून पळणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका करू. किलोभर वजन गेलं तरी ते पाणीच, पाणी प्यायल्यावर परत येणार, आणि मधल्या वेळात उष्माघाताचा धोका मात्र खरा.

व्यायामात तर काटा उलटाही जातो. नवीन जिम लावलं की दुखावलेले स्नायू पाणी धरतात, व्यायामाने त्यांची ग्लायकोजेन साठवायची ताकद वाढते, आणि माणूस म्हणतो महिनाभर घाम गाळला तरी वजन तिथंच. कंबर मात्र सैल झालेली असते. याउलट नुसतं उपाशी राहून, प्रोटीन कमी आणि वजनांचा व्यायाम शून्य अशा पद्धतीने जे वजन जातं त्यात स्नायूही जातात, ते काट्यावर छान दिसतं पण अंगाला महाग पडतं.

मग कार्ब सोडायचे की नाही? सोडून चरबी कमी होते का, तर होते, एकूण खाणं कमी झालं तर. स्टॅनफर्डच्या 2018 च्या अभ्यासात 609 जणांपैकी काहींना कमी कार्बचा तर काहींना कमी फॅटचा आहार दिला, वर्षभराने सरासरी 6 किलो आणि 5.3 किलो कमी झाले, म्हणजे म्हणावा असा फरक नाही. जो आहार तुम्हाला वर्षभर जमेल तोच तुमचा. भाकरी बरी की भात यावरही घरोघरी वाद होतात, ज्वारीत फायबर नक्कीच जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, पण कार्ब दोघांतही भरपूर आहेत, चार भाकरी खाऊन वजन उतरणार नाही.

मोजायचंच असेल तर सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी मोजा आणि एका दिवसाचा आकडा न बघता आठवड्याची सरासरी बघा. बायकांचं पाळीच्या आसपास पाण्यानेच वजन वाढतं, ते महिन्याशी महिना लावून बघावं. फॅट टक्के दाखवणारा काटा पायातून बारीक करंट सोडून अंदाज बांधतो, अंगात पाणी कमीजास्त झालं की तोही हलतो. त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. आपल्याकडे पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर कंबर गेली की पोटाची चरबी धोक्याची धरतात, बारीक दिसणाऱ्या माणसातसुद्धा.

आणि एक फार कळकळीने. घरात कोणी शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर बाबांना, काकूंना परस्पर पोळी-भात बंद करायला लावू नका. औषधाचा डोस तोच आणि कार्ब अचानक गायब, यात शुगर एकदम खाली जाऊ शकते, चक्कर, घाम, हातपाय थरथरणं, बेशुद्धीसुद्धा. आधी डॉक्टरांकडून डोस बघून घ्या, मग ताटातलं कमी करा.