जंगली आळंबीचा नमुना हर्बेरियमला द्यायचाय? कोण देऊ शकतं, काय कागदपत्रं लागतात

बऱ्याच जणांना वाटतं की हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती आणि बुरशींचे नमुने जपणाऱ्या संग्रहाला, नमुना द्यायला बॉटनीची डिग्री पाहिजे, तर तसं काही नाहीये, हौशी माणसाचे नमुनेही बरीच हर्बेरियम घेतात, फक्त आधी ईमेल करून विचारा, थेट पार्सल पाठवू नका. जवळचं हर्बेरियम शोधायला इंडेक्स हर्बेरिओरम ही जगभरची यादी ऑनलाइन आहे, न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन ती सांभाळतं.

कागदपत्रांत पहिली परवानगी. जागेच्या मालकाची किंवा वनखात्याची, आणि लेखीच घ्या, तोंडी चालत नाही. नमुना परदेशात जाणार असेल तर तो ज्या देशात गोळा केला त्या देशाचे जैवविविधतेचे नियम आणि २०१४ पासून लागू झालेला नागोया प्रोटोकॉल (जैविक संसाधनं वापरण्याचा आणि त्यांचा फायदा वाटून घेण्याचा आंतरराष्ट्रीय करार) आधी बघा.

आता लेबल, आणि खरं काम इथेच आहे. तारीख, ठिकाण, जीपीएस, उंची, गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा कलेक्शन नंबर (गोळा करणारा आपल्या नमुन्यांना देतो तो क्रमांक), आळंबी कशावर उगवली होती (माती, शेण, सडका ओंडका) आणि शेजारी कुठली झाडं होती, हे सगळं पाहिजे. ताजी असतानाच रंग, वास, कापल्यावर रंग बदलतो का हे लिहून फोटो काढा, कारण काही बोलीट (टोपीखाली पापुद्र्यांऐवजी छिद्रं असलेल्या आळंब्या) कापल्या कापल्या निळ्या पडतात आणि एकदा वाळल्या की ते कुणालाच कळत नाही. देठ वरून तोडू नका, बुडापासून उकरून काढा, नाहीतर अमानिटाची (आळंब्यांचा एक वंश, यात विषारी जातीही आहेत) ओळख पटवणारी देठाच्या बुडाची पिशवी मातीतच राहून जाते! एक टोपी कागदावर पालथी ठेवून रात्रभरात स्पोअर प्रिंट (खाली पडलेल्या बीजाणूंचा ठसा) घ्या, बाकीचं साधारण ४० डिग्रीला कडकडीत वाळवा, जास्त उष्णता दिली तर शिजतं आणि डीएनए खराब होतो.

नाव नक्की माहीत नसेल तरी अडत नाही, फक्त वंशाचं नाव लिहिलं तरी चालतं. पुढे तज्ज्ञाने ओळख बदलली की नवी चिठ्ठी लावतात, जुनी काढत नाहीत. नवीन जात निघाली तर मात्र १ जानेवारी २०१३ पासून नावाची नोंदणी करून मायकोबँकसारख्या, बुरशींच्या नावांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीचा नंबर घ्यावाच लागतो.

नमुना स्वीकारला की किडे मरावेत म्हणून आधी फ्रीझ करतात, मग अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे संग्रहातला नोंदणी क्रमांक देतात. तो नंबर मागून घ्या, शोधनिबंधात तोच द्यावा लागतो, आणि संस्थेने डेटा शेअर केला तर तुमची नोंद जीबीआयएफ या जगभरच्या जैवविविधतेच्या नोंदींच्या ऑनलाइन डेटाबेसवरही शोधता येते.