‘म’ या अक्षराचा क्रमांक आणि आण्यांचा हिशेब

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत आण्यांचे रुपये करणे हा आपल्याकडे रोजचा हिशेब होता: सोळाने भागायचे, भाग जाईल तितके रुपये आणि बाकी उरतील ते आणे. संगणकाच्या व्यवहारातली षोडशमान, म्हणजेच हेक्साडेसिमल, पद्धती हेच करते. मात्र ती रुपयांपाशी न थांबता रुपयांचेही सोळा-सोळाचे गठ्ठे बांधते, आणि गरज पडल्यास त्या गठ्ठ्यांचेही.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रणालीत, ‘म’ या अक्षराचा दशमान क्रमांक २३५० आहे. हे आणे मानले, तर त्यांचे १४६ रुपये होतात आणि १४ आणे उरतात. १४६ ला पुन्हा सोळाने भागले की भागाकार ९ आणि बाकी २. उरलेल्या ९ मध्ये सोळा जात नाहीत, म्हणून तोच शेवटचा अंक. आता हे अंक उलट क्रमाने, म्हणजे शेवटच्यापासून, वाचायचे: ९, २, १४. यातला चौदा दोन अंकांत लिहिला तर संख्या ९२१४ अशी वाचली जाईल, म्हणून दहा ते पंधरा यांच्यासाठी ए ते एफ ही रोमन अक्षरे घेतली आहेत. चौदा म्हणजे ई. युनिकोडच्या तक्त्यात हा क्रमांक चार अंकी करून ०९२ई असा देतात.

उलट जाताना स्थानांच्या किमती उजवीकडून १, १६, २५६ अशा धराव्यात. ‘ळ’चा क्रमांक ०९३३ आहे, ९ गुणिले २५६ म्हणजे २३०४, त्यात ३ गुणिले १६ म्हणजे ४८ आणि शेवटचे ३ मिळवले की २३५५. तोंडी करायचे असेल तर डावीकडून सुरुवात करणे मला अधिक सोपे वाटते: नऊ सोळे १४४ आणि ३ मिळून १४७, त्याची सोळापट २३५२ आणि ३ मिळून २३५५.

सोळाच का, याचे कारण संगणकाच्या द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ या, अंकांत आहे. चार द्विमान अंकांच्या नेमक्या सोळा जुळण्या होतात, त्यामुळे षोडशमान संख्येतला प्रत्येक अंक इतरांकडे न पाहता सुटा उलगडता येतो: ९ म्हणजे १००१, २ म्हणजे ००१०, ई म्हणजे १११०. दहा ही दोनची घात नसल्याने दशमान अंकांना ही सोय नाही.

देवनागरीला युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा दिलेल्या आहेत. भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवर बेतलेली असल्यामुळे समान अक्षरे आपापल्या विभागात समान अंतरावर बसतात. बंगाली ‘म’ ०९एई वर आहे आणि गुजराती ‘म’ ०एएई वर. तिन्ही क्रमांकांच्या शेवटी ई आहे, आणि बंगाली-गुजरातीचे तर शेवटचे दोन्ही अंक सारखे आहेत. हेच क्रमांक दशमानात २३५०, २४७८ आणि २७३४ असे होतात, आणि ते शेजारी-शेजारी ठेवूनही त्यांच्यातले नाते डोळ्यांना दिसत नाही.