डायल-अप मोडेमचे खटके आणि ‘ऑन’चा घोळ

डायल-अप मोडेम म्हणजे संगणकाला फोनच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाशी जोडणारे यंत्र. हेज कंपनीच्या 1981 च्या स्मार्टमोडेमपासून त्याला द्यायच्या, ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा रूढ झाल्या. पण वीज गेली की त्या आज्ञांनी केलेल्या जुळण्या पुसल्या जात. म्हणून चालू होताच मोडेमने कसे वागायचे, हे डिप स्विचच्या, म्हणजे एका ठोकळ्यात ओळीने बसवलेल्या चिमुकल्या खटक्यांवर ठरे. सेकंदाला 2400 बिट वेगाच्या पिढीत ‘&डब्ल्यू’ने जुळण्या मोडेमच्याच स्मृतीत साठवता येऊ लागल्या आणि काही कंपन्यांनी खटके काढूनच टाकले. यूएस रोबोटिक्स कंपनीच्या कुरिअर (10 खटके) आणि स्पोर्टस्टर (8 खटके) या बाहेरून जोडायच्या मोडेमांवर मात्र ते टिकले. पुढचे तपशील स्पोर्टस्टरचे.

खरा त्रास दिला तो ‘ऑन’ या शब्दाने. इथे खटका खाली म्हणजे ऑन, वर म्हणजे ऑफ. काही डिप ठोकळ्यांवर ‘ओपन’ एवढेच छापलेले असते. आपल्या बोलण्यात नळ उघडा म्हणजे पाणी चालू. विजेच्या भाषेत ओपन म्हणजे मार्ग तुटलेला, अर्थात ऑफ. त्यावर कडी पाचव्या खटक्याची: तो ऑफ केला की मोडेम आपोआप फोन उचलतो, ऑन केला की उचलत नाही. चौथा ऑन केला की टाइप केलेली आज्ञा पडद्यावर उमटणे बंद होते. तिसरा तेवढा सरळ: ऑन असताना ‘ओके’, ‘कनेक्ट’ ही उत्तरे येतात. अशा जोडणीत सहसा खटका मिटला (ऑन झाला) की इनपुट ग्राउंडला जाते आणि 0 वाचला जातो. उघडा असेल तर इनपुटला पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे ओढून धरणाऱ्या पुल-अप रेझिस्टरमुळे 1. त्या 0 चा अर्थ प्रत्येक खटक्यासाठी वेगळा धरला गेला. पुस्तिकेत तरी ‘ऑन म्हणजे सोय चालू’ हा एकच नियम ठेवायला हवा होता. कारखान्यातून 3, 5 आणि 8 ऑन असतात, बाकीचे ऑफ.

सहावा ऑन केला की कॅरिअर डिटेक्टचा, म्हणजे पलीकडच्या मोडेमशी जोडणी झाल्याचा इशारा कायम चालू दिसतो. हा इशारा नसेल तर आज्ञाच न पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ही सवलत होती. बाहेरचे फोन घेणाऱ्या यंत्रावर ती धोक्याची: फोन तुटल्याचे कळत नाही आणि पुढचा माणूस आधीच्याच्या उघड्या लॉगिनमध्ये शिरतो.

नंतर असे मोडेम दूरच्या राउटरच्या कन्सोलला (थेट आज्ञा देण्याच्या पोर्टला) जोडले जाऊ लागले. तिथे आधी 8 ऑन ठेवून (तो ऑन असेल तरच मोडेम आज्ञा घेतो), कन्सोलच्याच वेगाने (बहुधा सेकंदाला 9600 बिट), ‘एटी&एफ0&बी1&डब्ल्यू’ द्यायचे, म्हणजे कारखान्याची जुळणी घे, वेग कायम ठेव आणि साठव. मग वीज बंद करून 3 ऑफ, 4 ऑन, 5 ऑफ, 8 ऑफ. डीटीआरची, म्हणजे जोडलेले यंत्र तयार असल्याचे मोडेमला सांगणारी तार जोडलेली नसेल तर 1 ऑन. 3 आणि 4 विसरलात तर मोडेमचे ‘रिंग’ कन्सोलला लॉगिनचे नाव वाटते, तो पासवर्ड मागतो, मोडेम तीच अक्षरे परत पाठवतो आणि दोघांचे आपापसातच सुरू राहते. 7 ऑन राहिला तर साठवलेली जुळणी चढतच नाही, कारखान्याची चढते.

8 ऑफ झाल्यावर ‘एटी’ला उत्तर येत नाही, म्हणून मोडेम जळाला असे समजू नये, आज्ञा द्यायच्या असतील तर तो पुन्हा खाली करून वीज बंद-चालू करावी. खटके हलवायला पेन्सिल वापरू नये. ग्राफाइटची पूड आत जाते आणि वीज वाहून नेते.