सामाईक यंत्रावरचा आडपडदा: क्लाउडमधल्या विलगीकरणाची पार्श्वभूमी

क्लाउडमधल्या एकाच सर्व्हरवर एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या ग्राहकांची कामं चालतात. त्यांच्यात आडपडदा राखण्याचा प्रश्न मात्र क्लाउडच्या कितीतरी आधीचा. १९६१मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांनी सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग (एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची) प्रणाली चालवून दाखवली. पुढे तिथे पासवर्ड आले. आणि त्याच दशकात एकदा लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड उमटले. कुणी घुसखोरी केली नव्हती. एकाच वेळी संपादित होत असलेल्या दोन फाइलींच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली होती. पुढच्या बहुतेक गळत्याही अशाच: जे सामाईक आहे असं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, तिथून.

आयबीएमने १९७२च्या व्हीएम/३७० प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र आभासी यंत्रच, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला जणू वेगळा संगणकच, देऊ केलं. पण माझ्या मते खरं वळण १९७३चं. संगणकशास्त्रज्ञ बटलर लॅम्पसन यांनी दाखवलं की प्रोग्रामला माहिती बाहेर पोचवायला काही लिहावंही लागत नाही. प्रोसेसर किती वापरला, फाइल कधी अडवून ठेवली, एवढ्यावरूनही शेजाऱ्याला इशारा देता येतो.

बहुतेक पीसी आणि सर्व्हरमधले एक्स८६ प्रोसेसर आभासीकरणाला (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवायला) फारसे अनुकूल नव्हते. व्हीएमवेअर आणि २००३मध्ये झेन या आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रणालींनी सॉफ्टवेअरच्या युक्त्यांनी वाट काढली. इंटेल आणि एएमडीने हार्डवेअरचा आधार दिला तो २००५-०६मध्ये. २००६मध्येच अॅमेझॉनची ईसी२ ही आभासी यंत्रं भाड्याने देणारी सेवा झेनवर सुरू झाली. दुसरीकडे १९७९चं सीएचरूट, फ्रीबीएसडीचे जेल, लिनक्सचे नेमस्पेस आणि सीग्रुप्स अशी, एकाच ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोग्रामांना वेगवेगळं कोंडणाऱ्या सोयींची वाट चालत २०१३मध्ये कंटेनर (असे कोंडलेले प्रोग्राम) चालवणारं डॉकर आलं. कंटेनर हलके असतात, कारण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) सगळ्यांचा एकच. म्हणून त्यातली एक त्रुटीही अख्खं यंत्र उघडं पाडू शकते. परक्या ग्राहकांमध्ये फक्त कंटेनरच्या भरवशावर राहणं मला आजही पटत नाही.

लॅम्पसन यांचा इशारा २००९मध्ये क्लाउडवर खरा ठरला. ईसी२वर हेरलेल्या ग्राहकाच्याच सर्व्हरवर आपलं आभासी यंत्र आणून बसवता येतं आणि कॅशच्या (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीच्या) वेळमापनातून त्याच्या कामाचा अंदाज घेता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिलं. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले. प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी पुढची कामं अंदाजाने आधीच उरकतो. अंदाज चुकला तर निकाल टाकून देतो, पण कॅशमधल्या खुणा मागे राहतात. त्याच वर्षीच्या एल१टीएफ या अशाच दोषानंतर एका कोअरचे (प्रोसेसरमधल्या एका गणनकेंद्राचे) दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) दोन ग्राहकांना देणंही धोक्याचं ठरलं.

२०१८च्या अखेरीस अॅमेझॉनने फायरक्रॅकर खुलं केलं: मोजकीच आभासी उपकरणं असलेली, क्षणार्धात सुरू होणारी छोटी आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर. एएमडीच्या एसईव्हीसारख्या तंत्रांत तर प्रत्येक आभासी यंत्राची मेमरी वेगळ्या किल्लीने एन्क्रिप्ट होते; म्हणजे शेजाऱ्याबरोबरच आता खुद्द क्लाउड चालवणाऱ्यापासूनही आडपडदा.