शुष्क हवामानातील फुलझुडपे

शुष्क हवामानातील फुलझुडपे : वर्षभरात पडणाऱ्या पावसापेक्षा बाष्पीभवनाने व पानांवाटे उडून जाऊ शकणारे पाणी जेथे बरेच अधिक असते, अशा प्रदेशांत अंगणात, कुंपणालगत किंवा घराभोवतीच्या मोकळ्या जागेत फुलांसाठी लावली जाणारी, बुंध्यापासूनच अनेक खोडे फुटणारी, काष्ठमय व बहुवर्षायू झाडे. त्यांपैकी पूर्ण वाढल्यावर साधारणपणे एक ते तीन मीटर उंच होणाऱ्या झुडपांना मध्यम आकाराची म्हणतात. ही सीमा काटेकोर नाही. एकच कण्हेर छाटणीखाली दीड मीटरवर राहते आणि मोकळी सोडली तर चार मीटरच्या वर जाते. तरीही अंगणाच्या दृष्टीने हा आकार सोयीचा ठरतो, कारण फुले डोळ्यांच्या उंचीवर येतात, खालची जमीन सावलीत राहते आणि मोठ्या झाडाच्या मानाने पाण्याची गरज पुष्कळ कमी असते.

वार्षिक पाऊस आणि संभाव्य बाष्पीभवन-बाष्पोत्सर्जन (जमिनीतून व पानांवाटे मिळून उडून जाऊ शकणारे पाणी) यांचे गुणोत्तर ०.६५ पेक्षा कमी असलेल्या भागांना शुष्कभूमी म्हणतात, त्यात ०.२० ते ०.५० पर्यंतचा भाग अर्धशुष्क, ०.०५ ते ०.२० पर्यंतचा शुष्क आणि त्याखालचा अतिशुष्क मानला जातो. पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे ४१ टक्के भाग या व्याख्येत बसतो. मात्र झुडूप निवडणाऱ्याला हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. पाऊस किती पडतो यापेक्षा तो कधी पडतो, याचा झुडपाच्या जगण्या-मरण्याशी अधिक संबंध आहे. भूमध्य समुद्राचा किनारा, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचे केप आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य कोपरा येथे पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तेथील झुडपे थंडीत वाढतात, वसंतात फुलतात आणि कडक उन्हात जवळजवळ झोपून राहतात. दख्खनचे पठार किंवा मेक्सिकोच्या उत्तरेकडचे चिवावा वाळवंट येथे मात्र पाऊस ऊन तापलेले असतानाच पडतो, आणि तेथील झुडपांची वाढ व फुलोरा त्या उबदार ओलाव्यावरच अवलंबून असतो.

या दोन्ही गटांवर ‘कमी पाण्याची झाडे’ अशी एकच चिठ्ठी लावली जाते, आणि फसगत नेमकी तेथून सुरू होते. कॅलिफोर्नियातील निळ्या फुलांचा सिॲनोथस कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावाचून निभावतो. पण भर उन्हाळ्यात त्याच्या मुळांशी जमीन सतत ओली राहिली, तर फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे मुळे कुजतात आणि दुष्काळाला न डगमगणारे झाड पाण्याने मरते. उलट टेकोमासारखे उन्हाळी पावसाचे झुडूप हिवाळी पावसाच्या थंड ओलीत नुसते उभे राहते. म्हणून निवड करताना झुडपाच्या मूळ प्रदेशातील पावसाचा महिना आणि आपल्या अंगणातील पावसाचा महिना ताडून पाहणे ही पहिली पायरी होय. दुसरी पायरी थंडीची. वाळवंटी प्रदेशात दिवस तापले तरी रात्री गोठणबिंदूच्या खाली जाऊ शकतात. बोगनवेलीचा कोवळा शेंडा अशा एका रात्रीत काळा पडतो, तर चिवावा वाळवंटातील ल्युकोफायलम शून्याखाली दहा अंशांच्या आसपासची थंडीही सोसतो.

कोरड्या हवेला तोंड देण्याच्या या झुडपांच्या रीती निरनिराळ्या आहेत. कण्हेरीचे पान उलटे धरून भिंगातून पाहिले, तर मागच्या बाजूला बारीक बारीक खळगे दिसतात. पर्णरंध्रे, म्हणजे पानातील वाफ बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे, पृष्ठभागावर उघडी नसून या खळग्यांच्या आत असतात आणि खळग्यांत दाट लव असते. लवेमुळे खळग्यातली हवा हलत नाही, ती दमट राहते आणि पानातले पाणी सावकाश बाहेर पडते. ल्युकोफायलमच्या पानावर हीच लव वरून पसरलेली असते. पान त्यामुळे चंदेरी दिसते आणि ऊन परतवते. हेच झुडूप घरामागच्या सावलीत लावले तर विरळ होते आणि क्वचितच फुलते. स्पेनच्या बाजूला वाढणारा पिवळ्या फुलांचा स्पार्टियम पाने जवळजवळ टाकूनच देतो आणि हिरव्या काड्यांनी अन्न तयार करतो. काही झुडपे उन्हाळ्यातच पानगळ करतात. अशा वेळी काळजीपोटी दिलेले पाणी बहुधा घातक ठरते.

निवडीच्या झुडपांत कण्हेरीचे स्थान वरचे आहे. तिचा मूळ विस्तार भूमध्य प्रदेशापासून आशियापर्यंत असून ती रानात बहुधा कोरड्या ओढ्यांच्या पात्रात आढळते. त्यामुळे अधूनमधून येणारा लोंढा आणि त्यानंतरची दीर्घ कोरड या दोहोंची तिला सवय आहे, आणि पावसाचा हंगाम कोणताही असला तरी ती जमवून घेते. तिचे सर्व भाग विषारी असून हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये त्यांत असतात. लहान मुले किंवा गुरे जेथे वावरतात तेथे ती लावू नये, छाटलेल्या फांद्या जाळूही नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. तरवड हे भारत व श्रीलंकेतील कोरड्या माळांचे झुडूप निकृष्ट, खडकाळ जमिनीवर भरभरून पिवळे फुलते आणि त्याची टॅनिनयुक्त साल कातडी कमावण्यासाठी पूर्वीपासून वापरली गेली आहे. एवढा गुणी असूनही तो अंगणात कमीच दिसतो. रस्त्याकडेला फुकट उगवणाऱ्या झाडाला रोपवाटिकेत मान मिळत नाही, एवढेच त्याचे कारण असावे. शंकासुराला लाल-पिवळे तुरे उन्हाळी पावसाच्या प्रदेशात दीर्घकाळ येतात. सिस्टसची चुरगळलेल्या कागदासारखी फुले एकेक दिवसच टिकतात, पण हिवाळी पावसाच्या प्रदेशातील चुनखडीच्या जमिनीत त्याच्याइतके निर्धास्त झुडूप थोडेच.

बोगनवेलीविषयी दोन गैरसमज रूढ आहेत आणि त्यांतला एक तिच्या नावातच आहे. ती खरी वेल नव्हे. तिला धरून चढण्यासाठी तणावे नसतात. काट्यांच्या आधाराने ती दुसऱ्या झाडावर रेलते आणि आधार नसेल तर छाटणीने तिचे चांगले झुडूप होते. दुसरा गैरसमज फुलांचा. रंगीत दिसतात ती सहपत्रे, म्हणजे फुलालगतची बदललेली पाने असून खरी फुले त्यांच्या मध्ये बसलेल्या, बहुधा पांढुरक्या, बारीक नळ्या असतात. तीन सहपत्रांचा एक झुबका हातात घेतला की प्रत्येकाला मधोमध चिकटलेली एकेक नळी दिसते. या दक्षिण अमेरिकी वनस्पतीचे नाव लुई आंत्वान द बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याच्या १७६६–६९ मधील पृथ्वीप्रदक्षिणेशी निगडित आहे. त्या सफरीतील वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेरसाँ याने ती ब्राझीलमध्ये गोळा केली होती.

सोशिकपणाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. मूळ अमेरिकेतली घाणेरी कोठेही तगते, वर्षातले बहुतेक महिने फुलते आणि तिची बी पक्षी दूरवर नेतात. भारत, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे तिने रानेच्या राने व्यापली असून तिचा पाला गुरांना विषारी असतो. जे झुडूप आपल्या प्रदेशात कुंपणाबाहेर पसरते म्हणून ओळखले जाते, ते कितीही शोभिवंत असले तरी टाळावे. वणव्यांच्या प्रदेशात रोझमेरी, सिस्टस यांसारखी तेलकट पानांची झुडपे घराच्या भिंतीला लागून लावणे धोक्याचे असते.

लागवडीपूर्वी निचरा तपासणे आवश्यक आहे. सुमारे ३० सेंमी. खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे आणि दुसऱ्यांदा भरून पाण्याची पातळी तासाला किती उतरते हे पट्टीने मोजावे. दोन ते पाच सेंमी. उतरत असेल तर बहुतेक झुडपांना जमीन चालते. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले तर खाली चुनखडीचा कठीण थर किंवा घट्ट चिकणमाती आहे असे समजावे. तो थर फोडावा, नाहीतर सरळ उंचवटा करून त्यावर झुडूप लावावे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद पण गोळ्याइतकाच खोल असावा. अधिक खोल खणून भर घातली तर माती नंतर बसते, झुडूप खाली जाते आणि बुंध्याभोवती पाणी साचते. पिशवी काढल्यावर गोळ्याच्या कडेने गोल गोल फिरलेली मुळे दिसली, तर ती बोटांनी मोकळी करावीत, जाड झाली असल्यास कापावीत. कापायला हात धजत नाही, हे खरे. पण तशीच पुरलेली मुळे पुढेही गोलच फिरतात आणि चार वर्षांनी बाहेरून धडधाकट दिसणारे झुडूप वाऱ्यात मुळासकट कलंडते. खड्ड्यात भरपूर खत घालण्याची जुनी सवयही येथे उपयोगाची नाही. खतावलेल्या मऊ खड्ड्यातून बाहेरच्या कठीण मातीत शिरायला मुळे तयार नसतात, म्हणून खणलेली मातीच परत भरणे बरे. लागवडीचा काळ पावसाच्या तोंडावर धरावा, म्हणजे हिवाळी पावसाच्या प्रदेशात शरद ऋतू आणि उन्हाळी पावसाच्या प्रदेशात पावसाळ्याची सुरुवात.

दोन झुडपांतील अंतर पूर्ण वाढीच्या रुंदीवरून ठरवतात. पहिल्या वर्षी जागा ओकीबोकी दिसते आणि मधे आणखी दोन रोपे लावण्याचा मोह होतो. तो आवरला नाही तर तिसऱ्या वर्षापासून दर महिन्याला कात्री चालवावी लागते.

दुष्काळ सोसणारे झुडूप लावल्या दिवसापासून दुष्काळ सोसत नाही. मुळे खोल जाईपर्यंत, म्हणजे साधारणपणे पहिले दोन कोरडे हंगाम, त्याला नियमित पाणी लागते. हे पाणी रोज थोडे थोडे न देता खूप दिवसांनी पण खोलवर द्यावे, कारण वरवरच्या ओलीने मुळे वरच राहतात. तासाला चार लिटर पाणी देणारे चार ठिबक दोन तास चालवले तर ३२ लिटर पाणी मिळते. ते किती खोल गेले हे पाहण्यासाठी लोखंडी सळई मातीत दाबावी. ओल्या मातीत ती सहज उतरते आणि कोरडी माती लागली की अडते. सळई ४५ ते ६० सेंमी. उतरली तर पाणी पुरेसे झाले. त्यानंतर जमीन वाफशावर येऊन वरचा थर सुकेपर्यंत थांबावे. रेताड जमिनीत ही पाळी लवकर येते, चिकणमातीत उशिरा. झुडूप वाढेल तसे ठिबक बुंध्यापासून सरकवत फांद्यांच्या घेराच्या कडेपर्यंत न्यावे लागतात. बुंध्याशीच राहिलेला ठिबक हे या बागांतील नेहमीचे दुर्लक्ष आहे. दुपारी मान टाकलेले पान रात्रीत सावरत असेल तर पाण्याची घाई नसते, सकाळीही कोमेजलेले दिसले तर माती उकरून पाहावी. माती ओली असूनही पान कोमेजत असेल, तर मुळे कुजत आहेत. क्षारयुक्त पाण्याने मातीवर पांढरी पापडी धरते व पानांच्या कडा करपतात. अधूनमधून एकदा भरपूर पाणी सोडून क्षार मुळांखाली ढकलणे हा त्यावरचा उपाय आहे, अर्थात निचरा चांगला असेल तरच.

आच्छादन पाच ते दहा सेंमी. जाडीचे असावे आणि ते बुंध्याला टेकू देऊ नये. पालापाचोळा किंवा लाकडाचा भुगा चालतो. सिस्टस, लॅव्हेंडर अशा भूमध्य झुडपांना बारीक खडी अधिक मानवते, कारण तिने बुंधा कोरडा राहतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्याने १९८१ साली अशा कमी पाण्याच्या बागांसाठी ‘झेरिस्केप’ हा शब्द रूढ केला. त्यातील पहिला भाग ‘कोरडा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. तो ‘झिरो’ असा ऐकून अंगणभर नुसती खडी पसरणारे पुष्कळ निघाले, आणि झाडांवाचून तापलेल्या खडीने घरही तापवले.

खत कमीच लागते. नत्र वाढले की पाला माजतो, फुले घटतात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा व पिठ्या ढेकूण येतात. ग्रेव्हिलियासारखी ऑस्ट्रेलियन झुडपे स्फुरद अत्यल्प असलेल्या मातीतून आलेली असल्यामुळे सर्वसाधारण मिश्रखत त्यांना विषासारखे बाधते. चुनखडीच्या जमिनीत नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता असते. लोह मातीत असते, पण ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह देतात. फुलण्यासाठी काही झुडपांना पाण्याचा ताणच हवा असतो: बोगनवेलीचे पाणी काही काळ तोडले की पाने गळतात आणि पुन्हा पाणी मिळताच ती रंगाने भरून जाते.

छाटणीची वेळ कळ्या कोणत्या फांदीवर धरतात यावर ठरते. टेकोमा, शंकासुर, बोगनवेल व ल्युकोफायलम नव्या फुटीवर फुलतात, म्हणून ती थंडी सरताना छाटावीत; सिस्टस व वसंतात फुलणारा सिॲनोथस यांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फुटीवर असल्याने त्यांना फुले संपताच हलका हात लावावा. लॅव्हेंडर पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापली तर पुन्हा फुटत नाही. कण्हेर मात्र जमिनीलगत कापली तरी फुटते. दरवर्षी सर्वांत जुन्या खोडांपैकी तिसरा हिस्सा काढला की झुडूप कायम तरुण राहते. ल्युकोफायलमचे यंत्राने चेंडू करण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्याला पावसाळी दमट हवेनंतर अंगभर येणारा जांभळा फुलोरा अशा छाटणीत कळीतच कापला जातो, आणि उरतो तो राखाडी चेंडू.

अभिवृद्धी सोपी आहे. कण्हेरीची फांदी पाण्याच्या बाटलीतही मुळे धरते, बोगनवेल अर्धपक्व किंवा पक्व फांद्यांच्या छाट कलमांनी होते. तरवड व शंकासुर बियांपासून करतात. बियांचे कवच कठीण असल्याने ते थोडे घासून किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरतात, आणि सोटमूळ लवकर खोल जाते म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावतात. सिॲनोथस व सिस्टस यांचे बी रानात वणव्याच्या धगीनंतर रुजते. त्यामुळे पेरण्याआधी त्यावर उकळते पाणी ओततात आणि ते गार होईपर्यंत बी तसेच राहू देतात.