सागरी संवर्धनाचे विद्यापीठीय अध्यापन (भारत)

समुद्रातील जीवजाती, त्यांचे अधिवास व मत्स्यसाठे यांच्या रक्षणाचे शिक्षण देणाऱ्या अध्यापकास भारतीय विद्यापीठांत बहुधा स्वतंत्र विभाग नसतो. नेमणूक प्राणिविज्ञान, सागरविज्ञान वा मत्स्यविज्ञान विभागात होते. संवर्धन त्याच्या वाट्याला एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरते, पुष्कळदा ऐच्छिक म्हणून येते.

या अध्यापनाच्या आरंभाविषयी एकमत नाही. त्रावणकोर विद्यापीठात १९३८ च्या सुमारास सागरी जीवविज्ञानाची सोय झाली, म्हणून आरंभ तेथे धरला जातो. दुसरे मत तमिळनाडूतील परंगीपेट्टै (पोर्टो नोव्हो) येथील अण्णामलै विद्यापीठाच्या केंद्राला अग्रमान देते. प्राणिशास्त्रज्ञ आर. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकाराने वेल्लार नदीच्या मुखाशी उभ्या राहिलेल्या या केंद्रास १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम व तिच्यातून १९६६ मध्ये निघालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (दोना पावला, गोवा) यांपासून गणना करणारेही आहेत. पण ती मुळात संशोधन संस्था होय. परंगीपेट्टैचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. तेथे वर्ग व प्रयोगशाळा खाडीकाठीच आहेत आणि पिचावरमचे कांदळवनही जवळ आहे. तथापि या सर्व ठिकाणी दीर्घकाळ भर होता तो वर्गीकरणावर व मासळीच्या उत्पादनावर. संवर्धन-जीवविज्ञान ही ज्ञानशाखाच १९७८ ची सॅन डिएगो येथील परिषद व १९८५ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिक संघटना यांच्या आगेमागे आकारास आली. आपल्याकडील अभ्यासक्रमांत ती बहुधा १९९० नंतरच ठळकपणे दिसते.

महाराष्ट्रातील प्राणिविज्ञानाच्या विद्यार्थ्याची समुद्री प्राण्याशी पहिली गाठ कित्येक वर्षे विच्छेदनाच्या ताटलीत पडे. बाजारातून आणलेली मुशी (स्कोलिओडॉन हा लहान शार्क मासा) आणि तिच्या मस्तिष्क-तंत्रिका (मेंदूतून निघणाऱ्या नसा) मोकळ्या करण्याची कसरत हा प्रात्यक्षिकाचा ठरलेला भाग होता. याच माशावरील ई. एम. तिलयंपलम यांची पुस्तिका (१९२८) पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ नंतर विच्छेदने आवरती घेतली. त्याआधीच, २००१ मध्ये, व्हेल शार्क, प्रवाळ, समुद्रघोडा व समुद्रकाकडी यांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत समावेश झाल्याने अशा प्राण्यांचे नमुने गोळा करणे परवानगीवाचून अशक्य झाले होते.

क्षेत्रकार्य भरती-ओहोटीवर बेतावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबई व कोकण किनाऱ्यावर मोठी ओहोटी पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी येते. वेळापत्रकातील तास नेमके मधल्या भरतीत पडतात. उघड्या पडलेल्या खडकावर चौकट ठेवून तीतील कालवे, गोगलगायी व बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी प्राणी) मोजणे, दोरी ताणून तीच मोजणी पाण्याच्या कडेपर्यंत नेणे आणि उलटलेला प्रत्येक दगड पूर्ववत ठेवणे, एवढे दोन-अडीच तासांत उरकावे लागते. दगड उलटाच राहिला की खालच्या बाजूचे स्पंज व शेवाळप्राणी (ब्रायोझोआ) उन्हात मरतात. विद्यार्थ्यांना हे दर खेपेला नव्याने सांगावे लागते.

अध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य) ही परीक्षा, अथवा नियमांत बसणारी पीएच.डी. लागते. येथे एक अडचण आहे : नेटमध्ये जीवविज्ञान आणि ‘भू, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान’ असे दोन वेगळे विषय असून संवर्धनाचा अभ्यासक दोन्हींच्या सीमेवर पडतो. पूर्वीच्या अधिव्याख्याता पदास २०१० च्या विनियमांपासून सहायक प्राध्यापक म्हणतात. त्यास आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. महाराष्ट्रात अनेकजण तासिका तत्त्वावर शिकवतात. पहाटेची ओहोटी ही तासिका गणली जात नाही.

मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (१९६१, अभिमत विद्यापीठ १९८९) व शिरगाव (रत्नागिरी) येथील मत्स्य महाविद्यालय (१९८१) ही राज्यातील प्रमुख ठिकाणे, दोहोंचा कल मत्स्यव्यवसायाकडे आहे. शेजारी गोवा विद्यापीठात सागरविज्ञान शिकवले जाते. वर्गात हमखास येणारा दाखला मालवण सागरी अभयारण्याचा (१९८७, क्षेत्र २९.१२ चौ. किमी.). त्यास स्थानिक मच्छीमारांचा विरोध राहिला, आणि त्याच किनाऱ्यावर रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार) व पर्ससीनधारक (यंत्रबोटीतून मोठे वेढाजाळे टाकणारे) यांचा झगडाही आहे. तो वगळून अभयारण्याचा नकाशा शिकविल्यास विषय अर्धाच राहतो.